अंगठाभर बाजूला

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तिच्यातल्या माणसांची नावं केव्हाच पुसली गेली, त्यांची कामं तेवढी लोकांच्या लक्षात राहिली.

एका खोल दरीच्या दोन काठांवर दोन गावं होती. मधून नदी कोसळायची आणि तिच्या तुषारांचं धुकं बारा महिने दरीत भरलेलं असायचं. अलीकडच्या काठावरून पलीकडचा काठ कधीच दिसत नसे. पण दोन्ही गावांत सोयरिकी मात्र भरपूर. ये-जा चालायची ती दोरांच्या झुलत्या पुलावरून, आणि हा पूल दर पावसाळ्यात कुजून तुटायचा.

म्हणून दर दसऱ्याला नवा पूल बांधायला घ्यायचे. त्याची एक रीत होती. लाकडी चेंडूला बारीक सुतळी बांधायची. अलीकडच्या गावचा टोलेकरी तो चेंडू काठीनं दरीपार टोलवायचा. काठी साधी नव्हे. तिच्या टोकाला तळहाताएवढं जाड लोखंड बसवलेलं असे. पलीकडे झेलकरी उभा असायचा. चेंडू मिळाला की तो सुतळीला तीन हिसके द्यायचा. मग सुतळीमागून दोरी, दोरीमागून दोर, आणि आठ दिवसांत पूल तयार!

टोला मात्र एकच मारायचा. चेंडू दरीत पडला तर सव्वा महिना दुसरा टोला मारायचा नाही, असा नियम होता. म्हणजे त्या वर्षीची दिवाळी सुकीच. भाऊबीजेला ना इकडची बहीण तिकडे, ना तिकडची इकडे.

आमच्या गोष्टीतल्या टोलेकऱ्याची धाकटी बहीण पलीकडच्या गावात दिली होती. तिचा नवराच तिथला झेलकरी होता. त्यामुळे गावकरी गमतीनं म्हणायचे, "पूल गावाचा नाही, मेहुण्या-मेहुण्यांचा आहे."

टोलेकऱ्याला ही विद्या एका म्हाताऱ्या वस्तादानं शिकवली होती. वस्ताद सरावाच्या वेळी लोखंडाला ओली राख फासायला लावायचा. चेंडू लागला की राखेत ठसा उमटे. लोखंडाच्या बरोबर मध्यावर लोहारानं तिळाएवढी खूण ठोकलेली होती. ठसा तिच्यावर यायला हवा.

"चेंडू कुठं गेला ते लोक बघतील," वस्ताद म्हणायचा. "तू आधी लोखंड बघ."

वस्ताद होता तोवर टोलेकऱ्यानं लोखंड बघितलं. वस्ताद गेला, दसऱ्याचा टोला त्याच्याकडे आला आणि हळूहळू हात सैल पडला. ठसा मध्यापासून अंगठाभर बाजूला पडू लागला. असा टोला बसला की काठी हातात थरथरायची, कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. पहिल्या वर्षी दसऱ्याला असाच टोला बसला. सुतळी हातात धरून तो धुक्याकडे बघत राहिला.

हिसका आला. एक, दोन, तीन.

ढोल वाजले. पाटलानं त्याला शेला दिला. भाऊबीजेला बहीण आली, तिनं त्याला ओवाळलं. जेवताना त्यानं मेहुण्याला विचारलं, "टोला कसा होता?"

"झकास!" मेहुणा म्हणाला आणि करंजी तोंडात टाकली.

मग टोलेकऱ्याला वाटलं, अंगठाभर इकडे काय आणि तिकडे काय! चेंडू पोचल्याशी कारण. तरी मनातून शंका जाईना, म्हणून तो लोहाराकडे गेला.

"मध्यावर नाही लागला तर फार बिघडतं का रे?"

लोहारानं भाता थांबवला. "हाताला झिणझिण्या येतात?"

"येतात."

"मग लोखंड तुला सांगतंय की. मला कशाला विचारतोस?"

टोलेकऱ्याला हे बोलणं आवडलं नाही. त्यानं घरी येऊन काठीच्या मुठीला जाड कापडाचे चार वेढे दिले. झिणझिण्या थांबल्या. राखेचा ठसा रोज डोळ्यांत खुपायचा, म्हणून राख फासणंही त्यानं सोडून दिलं. आता हाताला काही कळत नव्हतं, डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आणि तीन हिसके मात्र दर वर्षी नेमानं येत होते. माणसाला सुखी व्हायला आणखी काय लागतं?

अशी नऊ वर्षं गेली. पूल झाला की तो बहिणीकडे जायचा, चार दिवस पाहुणचार घ्यायचा, भाच्यांचे लाड करायचा. पलीकडच्या काठावर जाऊन उभं राहावं, आपला चेंडू कुठे पडला होता ते एकदा तरी बघावं, हे काही त्याला सुचलं नाही. मेहुणा "झकास" म्हणत होता ना!

दहाव्या वर्षी पाऊस लांबला. दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत कोसळत होता. दसऱ्याला उघडीप मिळाली. सारा गाव काठावर जमला. टोलेकऱ्यानं काठीला हळदकुंकू वाहिलं, पवित्रा घेतला आणि टोला हाणला. चेंडू धुक्यात शिरला. सुतळी सरसरत गेली आणि थांबली.

एक हिसका आला. असा जोराचा, की सुतळीनं त्याचा तळवा कापला. मग काहीच नाही.

लोक एकमेकांकडे बघू लागले. बऱ्याच वेळानं सुतळी हलली. एक, दोन, तीन. अगदी हळू. टोलेकऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला. ढोल वाजले.

आठ दिवसांनी पूल झाला. पहिलं पाऊल टाकायचा मान टोलेकऱ्याचा. गळ्यात झेंडूची माळ, खांद्यावर नवा शेला, अशा थाटात तो पलीकडे पोचला. तिथे ढोल नव्हते. माणसं होती, पण कुणी वर बघत नव्हतं. त्यांच्यातून त्याची बहीण पुढे आली. तिचं कपाळ उघडं होतं.

त्यानं माळ काढून टाकली.

"हे बघ, दादा," ती म्हणाली आणि त्याला काठाशी घेऊन गेली.

काठापासून वीस पावलं आत एक सपाट शिळा होती. "वस्ताद होते तेव्हा हे या शिळेवर बसून राहायचे. चेंडू मागं गवतात पडायचा. उठून जायचं आणि उचलून आणायचा." तिनं बोट पुढे केलं. शिळेपासून दरीकडे गवत तुडवून तुडवून एक बारीक वाट पडली होती. "तू टोला मारायला लागलास तशी ही वाट पडली. पहिल्या वर्षी दोन पावलं. मग आणखी दोन. गेल्या साली हे अगदी टोकावर उभं राहून, हात लांब करून झेलत होते. या साली माती ओली होती."

वाट जिथे संपत होती तिथे काठाचा लचका तुटला होता.

"पडता पडता चेंडू वर फेकला त्यांनी," बहीण म्हणाली. "झुडपात अडकला होता. हिसके मी दिले."

"मला का नाही सांगितलं?" टोलेकरी कसाबसा म्हणाला. "एकदा तरी सांगायचं होतं!"

"मी म्हणायचे, दादाला कळवा. हे म्हणायचे, कशाला? त्याचा मान जाईल, तुझी भाऊबीज जाईल. आपल्याला काय, दोन पावलं तर पुढं जायचंय."

ती रडली नाही. आठ दिवसांत तिचं रडून झालं होतं. तो मात्र त्या शिळेवर बसून लहान मुलासारखा रडला.

त्या भाऊबीजेला पूल भरून वाहत होता. सगळ्यांच्या बहिणी आल्या, त्याची आली नाही. रिकामा पाट बघवेना, तेव्हा त्यानं काठी बाहेर काढली, मुठीचे कापडी वेढे सोडले, लोखंडाला राख फासली आणि एक चेंडू टोलवला. हाताला झिणझिण्या आल्या. ठसा खुणेपासून अंगठाभर बाजूला होता.

पुढच्या दसऱ्याला टोला दुसऱ्यानं मारला. त्याला पावसाळ्यापर्यंत रोज राख फासायला लावून जुन्या टोलेकऱ्यानंच तयार केलं होतं. आणि तो स्वतः? जुना पूल तुटायच्या आधीच तो पलीकडे गेला होता आणि आता तिथल्या काठावर झेलकरी म्हणून उभा होता. धुक्यातून चेंडू आला, त्याच्या डोक्यावरून गेला आणि शिळेच्या मागे गवतात पडला. त्याला एकही पाऊल पुढे टाकावं लागलं नाही. तुडवलेल्या वाटेवर आता गवत उगवू लागलं होतं.

त्यानं चेंडू उचलला. मेहुण्याला इतकंच तर करायचं होतं, त्याला वाटलं, आणि त्यानं सुतळीला तीन हिसके दिले.

तात्पर्य: आपलं काम जितकं आखूड पडतं, तितकं कुणाला तरी कड्याकडे सरकावं लागतं.