जाड शेपटीचा विंचू

माळावरचे दगड अजून कुणी उचलले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एका उंदराचा थोरला भाऊ विंचू चावून मेला. धाकटा रडत रडत थेट मोठ्या काळ्या विंचवाच्या दगडाखाली घुसला.

"काळ्या, तूच मारलंस ना माझ्या दादाला?"

"अरे खुळ्या, माझे चिमटे नको बघूस, शेपटी बघ. सुतळीएवढी! माझ्या डंखानं नुसतं ठणकतं. जीव घेणाऱ्याची शेपटी जाड असते. पलीकडच्या तांबड्याला विचार."

तांबडा विंचू केवढासा होता. चिमटे काडीसारखे, शेपटी मात्र शेंगेसारखी भरलेली. उंदराने तीच दातांत पकडली.

तांबडा म्हणाला, "तुझ्या दादानं मला तोंडात धरलं होतं. या काड्यांनी सुटलो असतो का मी?"

"खोटं! दादाला विंचू खायला आवडत नव्हते, मलाच आवडतात."

"म्हणूनच खाल्लं नाही. मला जिवंत घेऊन पळत निघाला होता."

उंदराचे दात सैल पडले. आता राग कुणावर काढायचा, त्याला कळेना.

मग त्याने हळूच विचारलं, "कुणीकडे निघाला होता?"

"तुमच्या बिळाकडे."