बेडकीचं डबकं कुणी प्यालं?

होती एक बेडकी. बोराएवढी! तिच्या गावात पाऊस नावालाच. पाणी यायचं लांबच्या तळ्यातून, पाटानं. खळखळ, खळखळ! आज एका शेताची पाळी, उद्या दुसऱ्या शेताची.

पाटाच्या टोकाला बेडकीचं डबकं. डबक्यात तिची शेपटीवाली पिल्लं.

एके सकाळी बघते तर काय! डबकं आटलं! उरलं वाटीभर पाणी. पिल्लं एकमेकांवर वळवळ, वळवळ!

"अगं बाई गं!" बेडकी घाबरली. निघाली टुण टुण टुण्णक!

"पाटा, पाटा, वाहतोस का?
डबकं भरेना, पिल्लं तडफडती!"

पाट म्हणाला, "ऊस पाणी सोडेल, तर मी वाहीन."

"अगं बाई गं!" टुण टुण टुण्णक!

"उसा, उसा, सोडतोस का?
पाट वाहेना, डबकं भरेना, पिल्लं तडफडती!"

ऊस गुडघाभर पाण्यात उभा. गटक गटक पीत होता! म्हणाला, "माझी पाळी कालच संपली. पण पाणी वळवायला माझे मालक गेनूकाका आले कुठे? ते येतील, तर मी सोडेन."

"कालच संपली? अगं बाई गं!" टुण टुण टुण्णक!

गेनूकाका बाजेवर आडवे. घुर्र, घुर्र!

"काका, काका, उठता का?
ऊस सोडेना, पाट वाहेना, डबकं भरेना, पिल्लं तडफडती!"

काका म्हणाले, "उपाशीपोटी खोरं कोण उचलणार? काकू भाकरी देईल, तर मी उठेन."

"अगं बाई गं!" टुण टुण टुण्णक!

"काकू, काकू, थापतेस का?
काका उठेनात, ऊस सोडेना, पाट वाहेना, डबकं भरेना, पिल्लं तडफडती!"

सुंद्राकाकू म्हणाली, "पीठ कशानं मळू, माझ्या घामानं? विहीर पाणी देईल, तर मी थापेन."

"अगं बाई गं!" टुण टुण टुण्णक!

"विहिरी, विहिरी, देतेस का?
काकू थापेना, काका उठेनात, ऊस सोडेना, पाट वाहेना, डबकं भरेना, पिल्लं तडफडती!"

विहीर खोल आवाजात म्हणाली, "पाट वाहतो, तेव्हा मी झिरपून भरते. पाट वाहील, तर मी देईन."

"पाट?" बेडकीचे डोळे बाहेरच आले! "मी पाटापासूनच तर निघाले!"

बेडकी उलटी पळाली. चढली काकांच्या पोटावर. थप्प! आणि ओरडली,

"विहीर देईना, काकू थापेना, काका उठेनात, ऊस सोडेना, पाट वाहेना, विहीर भरणार कशी? माझी पिल्लं जगणार कशी?"

काकूच्या हातातली परात पडली. खण्ण!

"अहो! आपलाच ऊस आपलीच विहीर प्यायला!"

"आँ?" काका ताडकन उठले. "आणि मी भाकरीची वाट बघतोय!"

उचललं खोरं. धावले उपाशीच! खच्च खच्च माती ओढली. पाणी वळलं.

ऊस सोडू लागला. पाट वाहू लागला. खळखळ, खळखळ! डबकं भरलं. पिल्लं सुळकन पोहली!

मग विहीर झिरपून भरली. काकूनं पीठ मळलं. भाकरी फुगली टम्म!

काका जेवले खरे. पण पिल्लांना पाणी मिळाल्यावरच!