सास्कियाचा लाल कोट

हॉलंडमध्ये एका निळ्याशार कालव्याच्या अलीकडे फेम्केचं लाकडी खोपटं होतं आणि पलीकडे सास्कियाचं उंच, पांढरंशुभ्र घर. फेम्केची आई दिवसभर मासेमारीची जाळी विणायची, तरी मायलेकींना पोटभर मिळत नसे. तरीही आपल्या पावातला चिमुकला तुकडा फेम्के एका लंगड्या बदकाला द्यायची. मनाने ती फार मऊ होती. फक्त सास्किया दिसली की तिच्या पोटात जळायला लागायचं.

सास्कियाकडे चेरीसारखा लालचुटुक मखमली कोट होता, चंदेरी बटणांचा. तो दिसला की फेम्केला आपली विटकी शाल टोचायची.

"कुणाच्या घरात काय दुखतंय, ते बाहेरून दिसत नाही गं," आई म्हणायची. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे एखादी जुनी डच म्हण असायची. पण म्हणींनी अंगात ऊब येत नाही, असं फेम्केला वाटायचं.

एका सकाळी ती सास्कियाच्या बागेच्या कुंपणाशी उभी होती. ट्यूलिपची एक पिवळीधमक कळी हळूच उमलली आणि आतून बोटाएवढी परी बाहेर आली. तिचे इवलेसे पंख दवासारखे लुकलुकत होते.

"बदकाला घास देणारी तूच ना? माग काहीतरी."

"सास्कियाचा कोट," फेम्के पटकन म्हणाली.

"देते. पण दुसऱ्याची वस्तू एकटी येत नाही, बाळ. तिच्यासोबत जे असेल, तेही येईल."

"येऊ दे."

कोट अंगावर आला, मऊ मऊ, उबदार. आता सास्कियाच जळू दे, असं म्हणत फेम्केने बटण लावलं आणि कोटासोबतचं दुःखही तिच्या अंगावर आलं. तिला दिसली अंथरुणाला खिळलेली सास्कियाची आई, थकलेल्या बोटांनी हीच बटणं शिवणारी. शेवटचं बटण शिवून झालं आणि ती देवाघरी गेली.

"तिचा तिला देऊन टाक," फेम्के रडत म्हणाली.

"देते. दुःखही सगळं परत पाठवू? अर्धं तू ठेवलंस, तर तेवढं तिचं हलकं होईल."

फेम्केने डोळे पुसले. "अर्धं राहू दे माझ्याकडे."

कोट नाहीसा झाला. फेम्के सास्कियाच्या दारी गेली. कोट घालून सास्किया पायरीवर बसली होती.

"तुझी आई तुझी वेणी घालते ना," सास्किया हळूच म्हणाली, "ते मी खिडकीतून बघते. मला तुझा फार हेवा वाटतो."

फेम्के तिला हात धरून घरी घेऊन आली. आईने सास्कियाचे सोनेरी केस विंचरायला घेतले, तेव्हा फेम्केच्या पोटात पुन्हा जळलं. पण ती बाकावर सरकली आणि तिने सास्कियाला नीट बसायला जागा दिली.

तेवढ्यात खिडकी उजळली. बाहेरचा उजाड काठ लाल, जांभळ्या, केशरी ट्यूलिपांनी भरून गेला होता. पुढे याच फुलांच्या विक्रीवर मायलेकींचा संसार सुखाने चालला. फुलांमधून परी हसली आणि त्या झगमगाटात विरघळून गेली.

"फेम्के," आईने फणी पुसत हाक मारली, "ये, आता तू."