ठिपकीचा निळा कागद

एक होती उंदरी. एवढीशी. नाकावर पांढरा ठिपका, म्हणून नाव ठिपकी.

ठिपकीचा होता एक निळा कागद. तेच तिचं अंथरूण. एके सकाळी ठिपकी दाणे शोधायला गेली. परत येते तर काय? कागद नाही. नुसती गार जमीन. ठिपकीला रडूच आलं.

ओसरीवर तानूकाकू टोपल्या करत होती. तिने रद्दी फाडली, टर्र टर्र. भिजवली, बुडुक बुडुक. मेथी घालून कुटली, धप्प धप्प. झाला लगदा. तो तिने पालथ्या मडक्यावर थापला. लगद्यात ठिपकीला निळे तुकडे दिसले.

ठिपकी म्हणाली, "काकू काकू, माझा निळा कागद दे."

"अगं बाई, तुझा होता होय तो? मी रद्दीत घातला की." काकूला वाईट वाटलं. उरलेला लगदा तिने पालथ्या वाटीवर थापला. "कागद ह्यातच आहे हो. पण ओला आहे. ऊन येईल तर सुकेल. मग वाटीवरून टोपली सुटेल. तिच्यात नीज."

ठिपकी कौलांवर गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"उन्हा उन्हा, अंगणात ये.
ऊन येईल तर लगदा सुकेल,
लगदा सुकेल तर टोपली सुटेल,
टोपली सुटेल तर ठिपकी निजेल."

ऊन म्हणालं, "मी नाही येत. ढग हलेल तर येईन."

ठिपकी टेकडीवर गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"ढगा ढगा, बाजूला हो.
ढग हलेल तर ऊन येईल,
ऊन येईल तर लगदा सुकेल,
लगदा सुकेल तर टोपली सुटेल,
टोपली सुटेल तर ठिपकी निजेल."

ढग म्हणाला, "मी नाही हलत. वारा उठेल तर हलेन."

वारा बांबूच्या बेटात लोळत पडला होता. ठिपकी तिथे गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"वाऱ्या वाऱ्या, ऊठ ना रे.
वारा उठेल तर ढग हलेल,
ढग हलेल तर ऊन येईल,
ऊन येईल तर लगदा सुकेल,
लगदा सुकेल तर टोपली सुटेल,
टोपली सुटेल तर ठिपकी निजेल."

वारा मोठा लाडोबा. म्हणाला, "मी नाही उठत. भिरभिरं होईल तर उठेन."

भिरभिऱ्याला हवा कागद. कागद होता शेळीच्या तोंडात. ठिपकी तिथे गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"शेळी शेळी, कागद दे.
कागद मिळेल तर भिरभिरं होईल,
भिरभिरं होईल तर वारा उठेल,
वारा उठेल तर ढग हलेल,
ढग हलेल तर ऊन येईल,
ऊन येईल तर लगदा सुकेल,
लगदा सुकेल तर टोपली सुटेल,
टोपली सुटेल तर ठिपकी निजेल."

शेळी म्हणाली, "मी नाही देत. पाला मिळेल तर देईन."

ठिपकी दमली होती. तरी शेवग्याकडे गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"शेवग्या शेवग्या, पाला दे.
पाला मिळेल तर कागद मिळेल,
कागद मिळेल तर भिरभिरं होईल,
भिरभिरं होईल तर वारा उठेल,
वारा उठेल तर ढग हलेल,
ढग हलेल तर ऊन येईल,
ऊन येईल तर लगदा सुकेल,
लगदा सुकेल तर टोपली सुटेल,
टोपली सुटेल तर ठिपकी निजेल."

शेवग्याने तिला कुणाकडे पाठवलं नाही. म्हणाला, "घे की. तुला दात आहेत ना?"

कुरतुड कुरतुड. डहाळी पडली. ठिपकीने ती शेळीपुढे ओढत नेली. शेळीने तोंड उघडलं. कागद सुटला.

ठिपकीने कागद कुरतडला, दुमडला, काट्याने काडीला टोचला. झालं भिरभिरं. काडी तोंडात धरून ठिपकी वाऱ्याकडे धावत सुटली. भिरभिरं फिरलं, भिर्र भिर्र.

वाऱ्याने एक डोळा उघडला. मग दुसरा.

वारा उठला, सूं सूं.
ढग हलला, सर सर.
ऊन आलं, लख्ख लख्ख.
लगदा सुकला, कडक कडक.

काकूने वाटीवर बोटं वाजवली, टक टक. टोपली सुटली.

ठिपकीने टोपली हुंगली. मेथीचा वास आला. तळाशी पाहिलं. तिथे निळा ठिपका होता, अगदी छोटा.

"हाच माझा कागद," ठिपकी म्हणाली.

ती टोपलीत शिरली. शेपूट पोटाशी घेतलं. डोळे मिटले.

टोपली सुटली, ठिपकी निजली. आता आपणही निजू या.