स्वस्त नगरीची महागडी सहल

राजा भद्रसेनाने हरबा गाडीवानाची बैलजोडी जप्त केली. गुन्हा काय? तर परदेशातली स्वस्त नगरी महाग निघाली!

झालं होतं असं. दिवाळीनंतर महाराज हेमनगरी बघून आले. ती नगरी अशी महाग, की पाय धुवायच्या पाण्यालाही दाम मोजावे लागतात. तरी परत आले तेव्हा मोहरांची थैली बरीचशी शिल्लक! मग उन्हाळ्यात कवडीपूरला जायचं ठरलं. "तिथं सगळं मातीमोल भावात मिळतं, महाराज," असं हरबानंच सांगितलं होतं. तिथून येताना थैली तर रिकामी झालीच, वर शेवटच्या मुक्कामाला प्रधानजींकडून उसने घ्यावे लागले. आता बोला!

"खोटारडा गाडीवान!" महाराज दरबारात कडाडले. "कवडीपूर हेमनगरीपेक्षा महाग आहे. माझी थैलीच सांगतेय!"

प्रधानजींनी मान डोलावली. प्रधानजी नेहमीच मान डोलावत.

हरबाची मुलगी गोजर पुढे झाली. तांब्या आणि मोऱ्या हे बैल तिच्या हातचं खाऊन मोठे झालेले, आणि ते गेले तर घरची चूल पेटायची नाही. कालपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पण आवाज तिने साधाच ठेवला.

"महाराज, हेमनगरीत जेवलात कुठं?"

"राणीसाहेबांनी दशम्या बांधून दिल्या होत्या. एका भाकरीला मोहोर मोजायला मी काय वेडा आहे?"

"आणि मुक्काम?"

"राणीसाहेबांच्या मावसबहिणीच्या जावेकडे. ओळख काढली."

"खरेदी?"

"चांदीची एक घंटी. तीही दुपारभर घासाघीस करून!"

"आणि कवडीपुरात?"

महाराजांचे डोळे लकाकले. "अगं, काय ती स्वस्ताई! पानदानं घेतली, सतरंज्या घेतल्या, छत्र्या घेतल्या, पितळी मोर घेतले..."

"किती मोर?"

"मोजतंय कोण? स्वस्त होते!"

"वाड्यात मोर लागत होते का?"

"लागायचा काय संबंध? स्वस्त होते म्हणतोय ना!"

दरबारात कुणीतरी खोकलं. महाराजांनी तिकडे रागाने पाहिलं आणि मिशीला पीळ भरला.

"म्हणजे दोष माझा, असं म्हणायचंय तुला? ठीक! मी पुन्हा कवडीपूरला जातो. गाडी तू हाकायची, तेवढ्यापुरते बैल जुंप. मला 'घेऊ नका' असं कुणी म्हणायचं नाही. निघताना हातावर दही घालणाऱ्या प्रत्येकाला आल्यावर काहीतरी मिळालंच पाहिजे. एवढं करून थैली हेमनगरीहून आली त्यापेक्षा जड परत आली, तर बैल तुझे. नाहीतर गाडीही जमा!"

हरबाने कपाळाला हात लावला. "पोरी, निदान गाडी तरी राहिली होती गं!"

"असू दे, आबा. महाराज, मला फक्त तुमच्या मालाच्या कोठीची किल्ली द्या."

निघायच्या दिवशी अर्ध्या गावाने महाराजांच्या हातावर दही घातलं. "आमच्यासाठी काही आणू नका हं महाराज," जो तो म्हणत होता. "अगदीच वाटलं तर एखादं पानदान!" महाराज गाडीत चढले. मागे जाजमाखाली मोठा ढीग होता.

"हे काय गं?"

"सामान आहे, महाराज. वर दशम्या ठेवल्यात."

कवडीपुरात पहिल्याच दुकानात महाराज हरखले. "हा मोर बघ! फुकटच म्हणायचा!"

"घ्या ना, महाराज!" गोजरने जाजमाचं टोक उचललं. "इथं ठेवू. त्याच्या भावंडांशेजारी."

जाजमाखाली पितळी मोर दाटीवाटीने बसले होते. तीच चोच, तोच तिरळा डोळा. थैलीकडे गेलेला महाराजांचा हात वाटेतच थांबला.

पुढच्या दुकानात पानदान. "घ्या, महाराज! मी जागा करते." ती ढिगाकडे वळली. "सरा हो जरा. पाहुणे येतायत."

महाराज पुढे चालू लागले. छत्र्यांच्या दुकानापुढे तर त्यांनी मानच फिरवली. मग करायला काही उरलं नाही म्हणून गावाबाहेर जाऊन दशम्या खाल्ल्या.

"अरेच्चा! इथे तळं आहे?"

"मागच्या वेळीही होतं, महाराज. आपण छत्र्या घेत होतात."

रात्री धर्मशाळेचं भाडं दिलं. ते मात्र खरोखरच मातीमोल होतं.

गाडी परत आली तेव्हा दही घालणारे सगळे वेशीवर हजर. गोजरने जाजम काढलं आणि वाटप सुरू केलं. कुणाला मोर, कुणाला पानदान, कुणाला सतरंजी.

"अस्सल कवडीपूरचंच आहे ना?" एका म्हातारबुवांनी विचारलं.

"दोनदा आलंय तिथून, आजोबा!"

वाड्यात राणीसाहेब कित्येक महिन्यांनी कोठीत सरळ चालत जाऊ शकल्या. दरबारात खजिनदाराने थैली तोलली. हेमनगरीहून आली होती त्यापेक्षा चांगलीच जड भरली.

महाराजांनी मिशी कुरवाळली. "बरं, आता खरं सांग. दोन्हींतली महाग नगरी कोणती?"

"महाराजांच्या तोंडून जिथं 'स्वस्त आहे' असं निघतं, ती!"

प्रधानजींनी सवयीने मान डोलावली, आणि मग घाबरून मध्येच थांबवली. पण महाराज असे खदखदून हसले, की त्यांचा मुकुट पार कानावर आला!

"शाबास, पोरी! बैल घेऊन जा. तुझा बाप आजपासून राजगाडीवान! आणि तुला काय बक्षीस देऊ?"

"द्याल ते घेईन, महाराज. फक्त कवडीपूरचं नको!"

महाराज पुन्हा हसले. मग आत गेले आणि हेमनगरीची ती चांदीची घंटी घेऊन आले. मोऱ्याच्या गळ्यात त्यांनी ती स्वतःच्या हाताने बांधली.

तांब्याला मात्र घंटी मिळाली नाही. महाराजांनी हेमनगरीत दुसरीचा भाव विचारला होता, पण ती तिथे फार महाग होती.