परसाकडची स्तुती

त्या राज्याचा राजा कुणाला दिसत नसे. दिसत त्या फक्त वस्तू. म्हणून प्रत्येक वस्तूच्या दारात एकेक स्तुती नेमलेली होती. माणसानं भाकरी मोडली की भाकरीची स्तुती राजाला हाक मारी, वीज कडाडली की विजेची. हाक गेली की राजा तिथं येतो, असं सगळे मानत.

परसाकडच्या दारातही एक स्तुती होती. माणसाचं पोट मोकळं झालं, लघवीला नीट झालं, की राजाला हाक मारायची, हे तिचं काम. तिला परसाक्का म्हणत. तोंडानं फटकळ, पण कामात चोख.

एकदा द्राक्षरसाच्या स्तुतीनं सभा भरवली. चांदीच्या पेल्याशेजारी राहून राहून ही बया स्वतःलाच चांदीची समजायला लागली होती. म्हणाली, "राजाला ना तोंड, ना पोट. मग त्याला खरकट्यात कशाला बोलवायचं? वस्तू सोडा. वरचा संगमरवरी महाल रिकामा आहे, स्वच्छ आहे. तिथं बसून नुसतं त्याचं नाव घेऊ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. भाकरीच्या स्तुतीनंसुद्धा! अंगावरचं पीठ अजून झटकलं नव्हतं, तरी हिची मान सगळ्यात आधी हलली.

"आणि हिचं काय?" विजेच्या स्तुतीनं नाक दाबत विचारलं. "हिला वर नेलं तर महालात वास सुटेल."

परसाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वास? अगं भवान्यांनो, ज्यानं पोट घडवलं त्याला कधी किळस आली नाही, ती तुम्हाला आली? एवढीशी वाट तुंबू दे, माणूस गडाबडा लोळतो. मग कोण पिणार गं तुझा द्राक्षरस? जा, बसा वर! लाज कशी वाटत नाही तुम्हाला!"

सगळ्या वर गेल्या, आणि भांडत मागोमाग गेलेल्या परसाक्काच्या तोंडावर महालाचं दार आपटलं. ती शिव्या घालतच खाली आली.

खाली हसाजी तेल्याच्या अंगणात रडारड चालली होती. म्हाताऱ्याची लघवी कालपासून अडली होती, पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. त्याची बायको रिबका त्याला धरून परसाकडे नेत होती.

"अगं, आता नाही सोसत," हसाजी कण्हला. "जातो मी."

"असं अभद्र बोलू नका हो. जरा जोर करा."

तो कसाबसा आत गेला. दाराशी उभ्या परसाक्काचा राग कुठल्या कुठं पळाला. "अरे, मरू नकोस रे मेल्या," ती पुटपुटत राहिली. "सूट गं बाई, सूट!"

आतून आधी काहीच आलं नाही. मग थेंब वाजला, मग धार. हसाजी हमसून हमसून रडायला लागला, रिबका मटकन खाली बसली, आणि परसाक्कानं जन्मात मारली नव्हती एवढ्या मोठ्यानं राजाला हाक मारली.

वर महालात नाव घेऊन घेऊन स्तुतींचे घसे बसले होते. सिंहासन रिकामंच होतं. राजाला एवढा उशीर कुठं झाला म्हणून द्राक्षरसाची स्तुती चिडून खिडकीशी गेली, आणि खाली वाकून पाहू लागली.

परसाकडच्या दाराबाहेर हसाजीच्या तेलकट वहाणा पडल्या होत्या. आणि त्यांच्या शेजारी, देवळात शिरताना काढून ठेवाव्यात तशा, राजाच्या मोजड्या.