खुंटीवरचे बूट

"मग रविवारी कप आपला, असंच धरून चालू ना वस्ताद?"

टेकडीवरच्या दर्ग्याच्या पायरीवर बसून दस्तगीर वस्ताद सुकलेल्या माळा सोडवत होते. दोरा एकीकडे, पाकळ्या एकीकडे.

सयाजी इंगवलेनं गळ्यातली शिट्टी उगाच चाचपली. तो कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कोच. खालच्या मैदानात याच वस्तादांच्या हाताखाली तो बॉल मारायला शिकला होता. पुढं कोचिंगचं प्रमाणपत्र मिळालं आणि टेकडी चढणं सुटलं. गरज पडली की माणसाला देव आठवतो, तसे आज त्याला वस्ताद आठवले होते.

भर दुपार होती. चिंचेची सावलीसुद्धा खोडाशी गोळा होऊन बसली होती. खाली मैदानात एक पोरगा एकटाच सराव करत होता. भिंतीवर बॉल आपटल्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

धप्… धप्…

"ह्योच का तुझा नवा गडी?" वस्तादांनी विचारलं.

"हाच. बिरदेव. पहिल्या वर्षाला आहे. मेंढरांमागं फिरलेलं पोरगं, अनवाणी खेळायचं. मोठी मॅच कशाशी खातात ते माहीत नव्हतं. त्याला मधे उभा केला, सगळा खेळ त्याच्या पायातून फिरवायचा ठरवलं, तेव्हा अख्खं गाव मला हसलं." सयाजीची मान ताठ झाली. "सेमी फायनलनंतर कुणी हसत नाही. मी घडवला त्याला."

"तू घडवलास."

"मग! इंद्रजितच्या सगळ्या मॅच दाखवल्या. सकाळी दाखवल्या, संध्याकाळी दाखवल्या. इंद्रजितची जागा दिली. इंद्रजितची दहा नंबरची जर्सी दिली."

"आनि?"

सयाजीनं शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली.

"बूट," तो म्हणाला.

वस्तादांच्या बोटांतला दोरा थांबला.

इंद्रजित माने म्हणजे सयाजीचा गेल्या वर्षीचा हिरा. त्याच्या जिवावर कॉलेज कधी नव्हे ते फायनलला पोचलं होतं. फायनलच्या आदल्या संध्याकाळी त्याची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीखाली गेली. टीम रडत रडत खेळली आणि हरली. सयाजीनं इंद्रजितचे बूट धुऊन, पुसून ड्रेसिंग रूमच्या खुंटीवर टांगले. वस्तादांच्या तालमीच्या टीमची ती जुनी रीत होती.

"काय शिकिवलं हुतं मी?" वस्तादांनी विचारलं.

"गेलेल्याचे बूट खुंटीवर टांगायचे. कुजून आपोआप गळून पडेपर्यंत."

"आनि?"

"कुणी हात लावायचा नाही. ज्यानं टांगले त्यानंसुद्धा."

"टांगलं कुनी?"

"मी."

"काडलं?"

सयाजी खाली बघू लागला. मग एकदम म्हणाला, "पोराच्या पायात काही नव्हतं वस्ताद! चांगले बूट नुसते वाळत पडलेले…"

कॉलेजच्या कपाटात नव्या बुटांचे जोड होते. ते काही सयाजी बोलला नाही. वस्तादांनीही विचारलं नाही.

"मापात बसलं?"

"नाही. दोन बोटं मोठे होते. पुढं कापूस कोंबावा लागायचा."

"आनि आता?"

"आता… बसतात."

"वाडीचं वय. पाय वाडला आसंल."

"तेच म्हणतो मी!" सयाजीला बुडत्याला काडी मिळावी तसं झालं. "वाढतं वय आहे. वर्षभरात पोरं कुठल्या कुठं जातात."

"मग झालं की. आलास कशाला?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण सयाजीच्या मनात भर दुपारीही अंधारच होता. तो पायरीवर बसला. दगड तापलेला होता आणि तरी त्याला गार लागला.

"पोरगं उजव्या पायाचं होतं वस्ताद. आता डाव्या पायानं मारतं. इंद्रजित डावरा होता."

"बगून शिकला आसंल."

"फ्री किकच्या आधी इंद्रजित मातीला हात लावायचा आणि मग कानाच्या पाळीला. हाही लावतो."

"त्येबी बगूनच."

"हो. बघूनच. पण इंद्रजित मला 'सरकार' म्हणायचा. चारचौघांत कधीच नाही. सराव संपला की माझ्या गाडीवर मागं बसायचा, तेव्हा. दोघंच असायचो. टेन्शन घेऊ नका सरकार, म्हणायचा. हे कुठल्या मॅचमध्ये दिसत नाही. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही."

"बरं."

"मंगळवारी बिरदेवला गाडीवर घेतलं. निम्म्या वाटेवर मागून म्हणाला… टेन्शन घेऊ नका सरकार."

चिंचेवर एक कावळा होता. तो खाली मैदानाकडं बघत होता.

"भ्यालास?"

सयाजीचा आवाज आता कोचचा राहिला नव्हता.

"नाही वस्ताद. आनंद झाला. इतका आनंद झाला की गाडी बाजूला घेऊन मी रडलो. भीती मागनं आली."

"कवा?"

"काल. त्याची आई आली होती, भाकरी बांधून. फाटकाशी उन्हात बसलेली. हा सराव करून बाहेर आला, तिच्यासमोर थांबला आणि म्हणाला, मावशी, तुम्हाला कुणाला भेटायचंय?"

वस्तादांनी पहिल्यांदा मान वर केली.

"ती हसली," सयाजी म्हणाला. "म्हणाली, चेष्टा करतोस व्हय रं बिरू. हा हसला नाही. अगदी अदबीनं म्हणाला, सावलीत बसा मावशी, पोरं येतील एवढ्यात. आणि निघून गेला."

"तू काय केलंस?"

"मी तिला सांगितलं, मॅचच्या आधी पोरांचं असंच होतं. तंद्री लागते. रविवारनंतर या."

"ग्येली ती?"

"गेली. भाकरी माझ्याकडं देऊन गेली."

वस्तादांनी हातातली माळ बाजूला ठेवली. ते उठले नाहीत. आवाजही चढवला नाही. शेजारच्याला हळूच काही सांगावं तसं ते म्हणाले,

"इंद्रजित…"

तो शब्द पायरीच्या कठड्यापर्यंत तरी पोचला असेल की नाही, सयाजीला शंका होती.

खाली बॉलचा आवाज थांबला.

पोरानं वर पाहिलं. डोळ्यांवर आडवा हात धरला. "जी वस्ताद?"

पोराला टेकडीखाली सोडून सयाजी एकटाच वर आला होता. वर कोण बसतं, काय म्हणून ओळखलं जातं, यातलं एक अक्षर त्यानं पोराला सांगितलं नव्हतं. इंद्रजितला मात्र एकदा इथं आणलं होतं.

"काय न्हाई बाळा. खेळ तू," वस्ताद तितक्याच हळू म्हणाले.

धप्… धप्…

मग वस्ताद उभे राहिले. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि तालमीत घुमायचा तसा आवाज काढून ओरडले, "बिरदेव! ए बिरदेवाऽऽ!"

कावळा उडाला. दर्ग्यात झोपलेलं कुत्रं दचकून उठलं. पलीकडच्या टेकडीवरून हाक परत आली.

धप्… धप्…

पोरानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"वस्ताद," सयाजी कसाबसा म्हणाला, "मी जाऊन बूट काढून घेतो. आत्ताच. परत टांगतो."

"काड की. आतनं पाय कुनाचा निगतोय त्ये बगायची छाती हाय?"

सयाजी अर्धवट उठला होता. तो तसाच राहिला.

"मग काय करू?"

"हाक मार."

"तुम्ही मारली ती लागली नाही. माझी कशी लागेल?"

"म्या कुटं बूट घातलं त्येला? ज्यानं घातलं, त्येचीच लागंल. लागली तर."

"आणि तो आला, तर…?"

"आला तर बिरदेव यील. उजव्या पायाचं, मेंढरांमागचं पोरगं. रविवारी एवडी मानसं बगून त्येचं पाय लटलट कापतील. बॉल सोडून आईला हुडकंल."

"म्हणजे कप…"

वस्ताद पुन्हा खाली बसले. दुसरी माळ उचलली.

सयाजीच्या डोळ्यांसमोर रविवार उभा राहिला. भरलेलं स्टेडियम. गुलाल. ट्रकवर उभी टीम. हसलेल्या सगळ्या तोंडांवर एकदम पडलेलं कुलूप. आणि कप उचलून त्याच्याकडं बघणारं ते पोरगं, हळूच कानाशी येऊन म्हणणारं, बघा सरकार, आणला की नाही. गेल्या वर्षी राहिलेलं सगळं पुरं होणार होतं. एका रविवारचा तर प्रश्न होता.

त्याच्या पिशवीत ती भाकरी अजून तशीच होती. फडक्याला गाठ मारलेली.

"सोमवारी मारली तर?" त्यानं विचारलं. विचारताना त्याचं त्यालाच कसंसं झालं.

"सोमवारी कुनाला मारनार?"

वस्ताद पाकळ्या वेचत राहिले.

सयाजी कठड्यापाशी गेला. खाली पोरानं बॉल मांडला होता. पाठीवर दहा नंबर. पायात ते बूट, उन्हात चमकणारे, जणू आत्ताच कुणी धुऊन पुसून दिलेले. तो पाच-सहा पावलं मागं आला. वाकला. मातीला हात लावला.

"बिरदेव," सयाजीनं पुटपुटल्यासारखी हाक मारली.

पोराचा हात कानाच्या पाळीकडं गेला.

"बिरदेव…"

डावा पाय मागं गेला. बॉल वळत वळत भिंतीच्या कोपऱ्यात बरोब्बर जाऊन आदळला. इतका देखणा की सयाजीच्या तोंडून 'वा' निघता निघता राहिलं.

तो तसाच वळला. घामानं त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता.

"मारली हाक वस्ताद," तो म्हणाला. "दोनदा मारली. ऐकत नाही तो."

वस्तादांनी माळेतलं सुकलेलं फूल सोडवलं, पाकळ्यांच्या ढिगावर ठेवलं. मान वर केली नाही.

"मोट्यानं मार, सयाजी… लांब ग्येलाय त्यो."